विहिरीतल्या बाईचं गाऱ्हाणं

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या कलावती मेस्त्री यांना तुम्ही पाहिलेलं नसेल, पण ऐकलेलं नक्की आहे. परदेशी मालिका मराठीत येतात, त्यात कुठेतरी बाजार भरलेला असतो, त्या बाजारात हमखास आग लागते, आणि एक बाई जिवाच्या आकांताने ओरडते, "अगं बाई, पळा!" ती बाई म्हणजे कलावती. विमान कोसळताना मागच्या रांगेत देवाचा धावा करणारी म्हातारी तीच, इस्पितळात "डॉक्टर आले, डॉक्टर आले" म्हणणारी नर्सही तीच. जंगलाच्या एका मालिकेत तर अडलेली म्हैससुद्धा तिनेच केली होती. म्हशीचं काम इतकं झकास झालं की सगळ्या स्टुडिओने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन हे नवऱ्याला सांगताना मात्र तिला हसावं की रडावं ते कळेना.

स्टुडिओत या कामाला 'गर्दी' म्हणतात. फोनही तसाच येतो: "कलाताई, उद्या अकराला गर्दी आहे, येताय ना?" गर्दीतल्या माणसांना नाव नसतं. कागदावर 'बाई १', 'बाई २' असं लिहिलेलं असतं, आणि बारा वर्षांत कलावती 'बाई १'च्या वर कधी गेली नव्हती.

ती या धंद्यात शिरली तीसुद्धा नवऱ्याच्या तोंडाळपणामुळे. महिपत मेस्त्री वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात टर्नर होते. वरच्या मजल्यावरचा गाळा डबिंग स्टुडिओवाल्यांनी घेतला आणि दुपारी ऐन जेवणाच्या वेळी वरून बायकांच्या किंकाळ्या येऊ लागल्या. एक दिवस महिपत डबा तसाच टाकून तक्रार करायला वर गेले. तिथे एक कॉलेजातली पोरगी गळा दाबल्यासारखं ओरडायचा प्रयत्न करत होती आणि तिच्याच्याने काही ते होत नव्हतं. महिपतांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आमची बायको बरी ओरडते." दुसऱ्या दिवशी कलावती तिथे हजर. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. पुढे वर्कशॉप बंद झालं, महिपत घरी बसले, आणि वरच्या मजल्यावर कलावती ओरडत राहिली.

आता ती पंचावन्न वर्षांची आहे. ही गोष्ट गेल्या वर्षाची, एका जपानी कार्टून मालिकेची. पोरं तिला ॲनिमे म्हणतात आणि कार्टून म्हटलं की चिडतात.

मालिका विनोदी होती. शोजी नावाचा एक भित्रा तरुण जुनी घरं विकायची दलाली करतो. एका जागेवर टॉवर उभा करायचा म्हणून तिथली विहीर बुजवतात, आणि त्या विहिरीत चारशे वर्षं राहून काठावर येणाऱ्या लोकांची मागणी ऐकत आलेली एक बाई बेघर होते. तिचं नाव ओइदो. ती थेट शोजीच्या भाड्याच्या खोलीत येऊन बसते. दोघांची भागीदारी ठरते: कुठल्या फ्लॅटमध्ये खरोखर भूत आहे आणि कुठल्या नाही ते ओइदोने सांगायचं, आणि शोजीने तिला राहायला जागा द्यायची. गंमत अशी की भूत असून ओइदोला लिफ्टची भीती वाटते, त्यामुळे शोजीला प्रत्येक वेळी तिच्याबरोबर पंधरा-पंधरा मजले चढावे लागतात.

गर्दीचं काम समजून घेताना कलावतीने पहिला भाग पाहिला. तिला त्यात एक भाजीवाली, एक शेजारीण आणि तीन किंकाळ्या एवढंच होतं. पण पडद्यावर ओइदो विहिरीतून डोकं वर काढून पहिल्यांदा खेकसली, तेव्हा कलावती खुर्चीत ताठ बसली. ही बाई तिच्या ओळखीची होती. अगदी जवळच्या ओळखीची.

कलावतीचं माहेर कुडाळकडचं. तिथे प्रत्येक शेताला, पाणवठ्याला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो, आणि त्याला भ्यायचं नसतं. त्याच्याशी नीट बोलायचं असतं. वर्षातून एकदा नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाने उभं राहून मोठ्याने आपली सुखदुःखं, मागण्या, तक्रारी सगळं त्याच्यापुढे मांडायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. कलावतीचे वडील राखणदाराशी असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बांधापलीकडच्या शेतकऱ्याशी चाललंय. यंदा डुकरं शिरली तेव्हा तू कुठे होतास, असं सरळ विचारायचे. माणूस आणि भूत यांची भागीदारी जपान्यांना विनोदी वाटली असेल. कलावतीच्या घरी ती पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती.

"ऋतिका," ती डबिंग दिग्दर्शिकेला म्हणाली, "ह्या म्हातारीसाठी माझा आवाज घेऊन बघ."

ऋतिका अठ्ठावीस वर्षांची, कामात पक्की, कल्याणची. तिने मान खाली घालून यादी चाळली. "कलाताई, ओइदोसाठी करिश्माचं जवळजवळ ठरलंय. सिरियलवाली करिश्मा. क्लायंटला पोस्टरवर ओळखीचा चेहरा हवाय."

"आवाजाला चेहरा कशाला लागतो गं?"

"मला नाही लागत हो. त्यांना लागतो."

"जवळजवळ ठरलंय म्हणजे ठरलेलं नाही," कलावती म्हणाली. "मला एक तास दे."

ऋतिकाने नाही-नाही म्हणत अखेर शुक्रवारी तीन ते चारची वेळ दिली. चारच्या ठोक्याला आवाजाचे सगळे नमुने जपानच्या क्लायंटला रवाना होणार होते. नमुन्यासाठी प्रसंग होता भागीदारी ठरण्याचा, चाळीस सेकंदांचा. मालिका बाहेर नेता येत नाही, तेव्हा कलावतीने तिथेच बसून तो प्रसंग सहा वेळा पाहिला आणि ओइदोचं तोंड कधी, किती वेळा उघडतं त्याच्या रेघा वहीत ओढून घेतल्या. डबिंगमध्ये शब्द कितीही छान असले तरी तोंड मिटल्यावर ऐकू आले की सगळं फुकट जातं.

मराठी संहिता तिने बसमध्ये वाचली. ओइदो म्हणत होती, "मी तुझ्यासोबत करार करण्यास सहमत आहे. तू मला निवारा देशील आणि मी तुला माझे ज्ञान देईन." कलावतीचं डोकंच फिरलं. चारशे वर्षं विहिरीत काढलेली बाई अशी बोलेल? असं तर सोसायटीचा सेक्रेटरीही बोलत नाही.

संध्याकाळी तिने महिपतांना खुर्चीत बसवलं.

"तोंड उघडा."

"कशाक?"

"मी रेघ वाचतंय. आखूड म्हटलां की जरा उघडायचां, लांब म्हटलां की मोठां उघडायचां. बोलूचां नाय."

महिपत मेस्त्रींनी आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं पाळली होती. त्यांनी ओइदोचं तोंडही तेवढ्याच इमानाने उघडलं-मिटलं. समोर कलावती त्यांच्या ओठांवर शब्द बसवत होती, खोडत होती, पुन्हा बसवत होती. शेजारच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या, दारातून हा प्रकार पाहिला आणि साखर न घेताच परत गेल्या.

तासाभराने महिपतांचा जबडा दुखायला लागला, आणि कलावती काय लिहितेय ते त्यांच्या लक्षात आलं.

"गो, ह्यां तर गाऱ्हाणां."

"व्हय."

"गाऱ्हाणां असां खेळात वापरूचां नाय. आणि बायकांनी घालूचां तर नायच. तुझ्या बापाशीन कान उपटले असते."

कलावतीने पेन खाली ठेवलं. हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. लहानपणी ती मागच्या बायकांच्या रांगेत उभी राहून पुढे चाललेलं सगळं ऐकायची. वडिलांचं गाऱ्हाणं तिला शब्दन् शब्द पाठ होतं, चढउतारांसकट, आणि ते आपल्याला कधीच म्हणता येणार नाही हेही ठाऊक होतं.

"अवो, माणसान देवाक घातलेलां गाऱ्हाणां बायकांका बंद," ती म्हणाली. "हय भूत माणसाक गाऱ्हाणां घालतासा. चारशे वर्सां तिना लोकांचां ऐकलां, आता तिका गरज इली, तर ती कोणाक सांगतली? ह्याक बंदी कोणी घातली?"

महिपतांनी विचार केला. त्यांनी दुखरा जबडा चोळला. ते म्हणाले, "मग ती दुसरी ओळ जरा लांब कर, माझां तोंड थंय उघडांच ऱ्हवता."

शुक्रवारी तीन वाजता कलावती माइकसमोर उभी राहिली. वागळे इस्टेटमधला तो गाळा लहान, आवाज कोंडायची खोली त्याहून लहान. माइकच्या स्टँडचा स्क्रू झिजलेला होता, माइक हळूहळू मान टाकायचा. नवा स्क्रू उद्या येणार, असं गेले तीन आठवडे चाललं होतं. तोवर रेकॉर्डिस्ट भिवा मशीन सुरू करून आत यायचा आणि स्टँड हाताने धरून उभा राहायचा. भिवा पन्नाशीचा, सावंतवाडीकडचा, पंचवीस वर्षं याच कामात. त्याची ख्याती अशी की रेकॉर्डिंग चालू असताना त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

आधी ऋतिकाने संहितेप्रमाणे बोलायला लावलं. एकेक वाक्य ओठांशी जुळवण्यात पाऊण तास गेला, मग कलावतीने दोनदा सलग बोलून दाखवलं. ओठ बरोबर बसले, चूक काही निघाली नाही.

"ओके आहे," काचेपलीकडून ऋतिका म्हणाली.

ओके! कलावतीला तो शब्द झोंबला. बारा वर्षं तिचं सगळं ओकेच होतं. "आता एकदा माझ्या पद्धतीने करते," ती म्हणाली.

"कलाताई, चारला सहा मिनिटं कमी आहेत."

"चाळीस सेकंदांचं काम आहे गं. चालू कर."

पडद्यावर ओइदो शोजीसमोर उभी राहिली. कलावतीने पाय जरा फाकवले, पदर खोचला, आणि तिच्या पोटातून वडिलांचा आवाज निघाला. तिचा स्वतःचा, पण वाट त्यांची.

"रे म्हाराजा! चारशे वर्सां लोकांची गाऱ्हाणी आयकत इलंय, आज माझां गाऱ्हाणां तू आयक! विहीर बुजवल्यानी, माका ऱ्हवाक जागा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्टँड धरलेला भिवा म्हणाला.

तो म्हणाला म्हणजे त्याच्या तोंडातून ते सुटलं. काचेपलीकडे ऋतिकाचे डोळे मोठे झाले. भिवाचा चेहरा पांढराफटक पडला, पण कलावती थांबली नाही. पडद्यावरचं तोंड चालू होतं.

"माका बघून तुका घाम फुटता, पन तुझ्या खोलीत पंखो आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भिवा पुन्हा म्हणाला. आता त्याचा इलाजच नव्हता.

"माझां काय चुकलां-माकलां तर तू सांभाळून घे, तुझां चुकलां तर मी सांभाळीन, पन माका भायर काढू नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रसंग संपला. भिवाने स्टँड सोडला, कानाला हात लावला. "म्याडम, माफ करा. तोंडातसून भायर पडलां. गाऱ्हाणां आयकलां की गप नाय ऱ्हवाक येणा."

ऋतिका हसत होती आणि डोळेही पुसत होती. मग तिने घड्याळ पाहिलं आणि ताळ्यावर आली. चारला चार मिनिटं कमी. फाइल काढून पाठवण्यापुरताच वेळ, पुन्हा करायला नाही. "पहिला स्वच्छ टेक पाठवते," ती म्हणाली. "ह्यात दोन आवाज आहेत. एका नमुन्यात एकच आवाज असा नियम आहे, आणि संहिताही बदललीय. हे सरळ बाद करतील. वर मलाही विचारतील की तुमच्याकडे असंच चालतं का. पुढे गर्दीसाठी तुमचं नाव सुचवायचं मला कठीण होईल, कलाताई. खरंच सांगते."

कलावतीला भीती वाटली. गर्दी गेली तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी नवं दार कोण उघडतं? पण पहिला टेक जपानला गेला तर तो ओके म्हणून जाईल आणि ओके म्हणूनच मरेल, हेही तिला दिसत होतं.

"हाच पाठव," ती म्हणाली.

"नक्की?"

"अगं, दोन मिनिटं राहिलीत. पाठव!"

ऋतिकाने पाठवला.

आठ दिवसांनी निरोप आला. ऋतिकाने कलावतीला बोलावून घेतलं तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. "कलाताई, त्यांना वेड लागलंय! म्हणतात, दुसऱ्या कुठल्याच भाषेत हे असं सुचलं नाही. भुतानेच माणसाकडे आर्जव करायचं, ही कल्पना त्यांना फार आवडली. तुमच्या ओळी तशाच ठेवायच्यात."

कलावतीने पिशवीतून वही काढली.

"आवाज करिश्माचा राहील," ऋतिका पुढे म्हणाली. "पोस्टरचं ठरलंय ना. पण तिला ही बोली तुम्ही शिकवायची. बोली मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव येईल. किती छान ना?"

ती बिचारी मनापासून आनंदात होती. कलावतीला मात्र कोणीतरी भरल्या ताटावरून हाताला धरून उठवल्यासारखं झालं. राग आला, आणि या खेपेला तिने तो गिळला नाही.

"छान नाही," ती म्हणाली. "मी त्या ओळी लिहिल्या त्या मला बोलायच्या होत्या म्हणून. लिहायची हौस असती तर घरी बसून लिहिलं असतं. बारा वर्षं मी तुमच्याकडे म्हशीपासून विमानापर्यंत सगळं ओरडलेय. कधी म्हटलं मला हे द्या, ते द्या? आज एकच बाई मागतेय. ती मला येते म्हणून मागतेय, उपकार म्हणून नाही."

"पण मी काय करू, कलाताई? माझ्या हातात नाहीये ते."

"एक गोष्ट आहे तुझ्या हातात. करिश्माला बोलाव. माझ्या ओळी दे, माझं रेकॉर्डिंग दे, आठवडाभर पाठ करू दे. मग तिचा टेक घे. तो ऐकून तुला वाटलं की हीच ओइदो, तर मी तिला शिकवीन, अगदी मन लावून शिकवीन. नाही वाटलं तर तसं त्यांना लिही. तू दिग्दर्शक आहेस ना? मग दिग्दर्शकासारखं एकदा लिही."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, हे कलावतीला बोलल्यावर कळलं. ऋतिकाचा चेहरा उतरला. तिने यादी पुढे ओढली आणि म्हणाली, "बुधवारी दोन वाजता या."

तो आठवडा कलावतीने घरातले सगळे डबे घासून काढले. महिपतांनी एकदाच विचारलं, "नाय झालां तर?" "तर नाय झालां," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण एवढ्या जोराने बसवलं की ते पुन्हा उघडायला महिपतांना पक्कड घ्यावी लागली.

बुधवारी करिश्मा आली. कलावतीने मनात तिची एक नखरेल मूर्ती घडवून ठेवली होती, ती पहिल्या मिनिटातच मोडली. पोरगी साधी, नागपूरची, हातात ओळींचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या खुणाच खुणा. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. "काकू, तुमचं रेकॉर्डिंग मी पन्नासदा ऐकलंय. काही चुकलं तर सांगा हं." हिच्यावर रागवायचं कसं, हा कलावतीला नवाच पेच पडला.

करिश्मा आत गेली. स्क्रू अजून आलेला नव्हता, तेव्हा भिवा स्टँड धरून उभा राहिला. ऋतिकाने त्याला बजावलं होतं, मनात येईल तसं वागा, आवाज आला तरी चालेल.

करिश्माने सुरुवात केली. उच्चार अचूक, चढउतार अचूक, ओठ तर असे बसले की ओइदो जन्मापासून मराठीच बोलतेय असं वाटावं. "माका ऱ्हवाक जागा नाय, रे म्हाराजा!" ती म्हणाली आणि भिवाच्या 'व्हय'साठी जागा सोडून थांबली.

आत शांतता. भिवा स्टँड धरून उभा.

दुसरी ओळ झाली. तिथेही ती थांबली, तिथेही काही आलं नाही. तिसऱ्या ओळीनंतरची शांतता तर इतकी लांबली की करिश्माने स्वतःच भिवाकडे वळून पाहिलं.

ऋतिकाने बाहेरून विचारलं, "भिवादादा, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

भिवा अवघडला. समोर नावाजलेली नटी, आणि त्याला कोणाचं मन मोडायची सवय नव्हती. "म्याडम बऱ्या बोलल्या," तो म्हणाला. "एक अक्षर चुकूक नाय."

"मग?"

"तेनी बोलान दाखवल्यानी." त्याने स्टँड सोडला. "मागणां मागल्यानी नाय. मागल्याशिवाय व्हय कसां म्हणतलंय?"

करिश्माने हेडफोन काढून ठेवला. तिला लागलं होतं, ते दिसत होतं. पण ती हलली नाही. "काकू, तुम्ही करा ना," ती म्हणाली. "मला इथेच उभं राहून ऐकायचंय."

कलावती आत गेली. तीन माणसांनी ती खोली गच्च भरली. तिला वडील आठवले नाहीत, माहेर आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की हे काम तिला हवंय, मनापासून हवंय, आणि ते हवंय हे मोठ्याने म्हणायची तिला आता लाज वाटत नाही. विहिरीतल्या बाईलाही तेच म्हणायचं होतं. दोघींनी मिळून ते म्हटलं.

पहिल्या ओळीला भिवा म्हणाला, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या ओळीला भिवाबरोबर करिश्माही म्हणाली आणि दचकून तिने तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या ओळीला तिने हात काढला आणि खणखणीत म्हणाली.

बाहेर आल्यावर करिश्माने पर्स उचलली. "ऋतिका, पोस्टरवर माझा चेहरा हवाय ना त्यांना? मग मला ती घरमालकीण दे. शोजीला दर भागात झापते ती. झापायला मला छान जमतं." दारातून वळून ती कलावतीला म्हणाली, "मला फार राग आलाय, काकू. तुमचा नाही. मी पन्नासदा ऐकलं आणि मला कळलंच नाही, ह्याचा आलाय." मग ती गेली.

ऋतिकाने त्याच दिवशी जपानला लिहिलं. काय लिहिलं ते तिने कोणाला दाखवलं नाही. लिहायला दीड तास लागला एवढं भिवाने पाहिलं. दोन्ही नमुने सोबत जोडले. सोमवारी उत्तर आलं, एका ओळीचं, आणि गुरुवारी कलावती मेस्त्री पहिल्या भागाच्या रेकॉर्डिंगला उभी राहिली. स्टँडचा नवा स्क्रू अखेर आला होता, त्यामुळे या खेपेला एकटी.

भागीदारीचा प्रसंग झाला, लिफ्टचा झाला, पंधरा मजले चढून धापा टाकायचाही झाला. शेवटचा प्रसंग सगळ्यात सोपा होता. रात्री खोलीत शोजी पांघरुणातून डोकं काढतो आणि पहिल्यांदाच तिला विचारतो की तुझं नाव काय. चारशे वर्षांत लोकांनी त्या बाईकडे पाणी मागितलं, पोर मागितलं, पाऊस मागितला, पण हे कोणी विचारलं नव्हतं. तिने तीन शब्द बोलायचे होते.

समोरच्या कागदावर आज 'बाई १' नव्हतं, 'ओइदो' होतं; कलावतीने तोंड उघडलं आणि तिचा आवाजच फुटला. ऋतिकाने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. जी बाई एका दमात तीन किंकाळ्या देत आली, तिला तीन शब्द निघेनात.

"कलाताई, पाच मिनिटं थांबूया का?" ऋतिकाने विचारलं.

"नको," कलावती म्हणाली. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं, घोटभर पाणी प्यायली आणि माइकजवळ सरकली. "लाव."

पडद्यावर शोजीने विचारलं. ओइदोचं तोंड उघडलं.

"माझां नाव ओइदो," कलावती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या भागाचं पान उघडलं.